उन्हात बसलेल्या आईचं तैलरंगातलं चित्र: चेहरा चिखलासारखा का होतोय?

बांधावरचा घोडा

नमस्कार मंडळी. या विभागात बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. गाव बेळगावच्या पश्चिमेला, उचगावच्या पुढं. घरी थोडं भात, थोडी रताळी. नोकरी उद्यमबागेत, लेथवर. रविवार तेवढा माझा.

व्यक्तिचित्र शिकलो ते खोलीत. एक खिडकी, नाहीतर एक बल्ब. उजेडाच्या बाजूला ऑकर (मातकट पिवळा) आणि पांढरा, सावलीच्या बाजूला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी). नाक-डोळे जमतात, माणूस ओळखू येतो. गल्लीतल्या दोघा-तिघांची काढून दिलीत, त्यांनी फ्रेम करून लावलीत.

गेल्या वर्षापासून मात्र डोक्यात मोने आणि रन्वार हे जुने फ्रेंच चित्रकार बसलेत. मोनेनं १८७५ साली बायकोचं चित्र काढलंय बघा, गवताच्या उंचवट्यावर छत्री घेऊन उभी, मागं पोरगा. चेहरा म्हणाल तर चार फटकारे. तरी ऊन असं की बघताना आपलेच डोळे बारीक होतात. म्हटलं, तसं ऊन आमच्या शेतात रोज पडतंय आणि आमची आई रोज त्यात असते. काढूया.

तीन रविवार गेले. हाल सांगतो.

पहिल्या रविवारी आईला रताळ्याच्या ढिगापाशी बसवलं. डोक्यावर पदर, हिरवं इरकल. साडेदहाला सुरू केलं आणि एक वाजेपर्यंत काढत बसलो. सुरुवातीला ऊन एका गालावर होतं, शेवटी दुसऱ्या. चित्रात दोन्ही गालांवर ऊन आणि मध्ये नाकाला सावलीच नाही. आई उठताना म्हणाली, "पुढच्या खेपेला म्हशीला बसीव, तिला काय काम नसतंय."

दुसऱ्या रविवारी शेतात चित्र झकास दिसत होतं. मीच माझी पाठ थोपटून घेतली. घरी आणून भिंतीला टेकवलं तर काळंकुट्ट! भर उन्हातलं चित्र अमावस्येला काढल्यासारखं.

तिसऱ्या रविवारी म्हटलं सावलीत अंबर नको, रंग पाहिजे. हनुवटीखाली हिरवा, गालाला जांभळा. आई चित्राकडं बघून म्हणाली, "साप चावल्यावर माणूस असं हिरवं-निळं होतंय रे. मी अजून जित्ती हाय." मग मी त्यावर ऑकर फिरवला. हिरवा, जांभळा, ऑकर सगळं एकत्र होऊन पावसाळ्यातल्या आमच्या गल्लीचा रंग तयार झाला.

तर उन्हातल्या चेहऱ्याला नेमका रंग कुठला? सावलीत काय घालायचं? आणि एवढ्या वेळात ते बसवायचं कसं? फोटोवरून काढ असं कृपया सांगू नका. करून बघितलंय. फोटोत ऊन पांढरं येतं, सावली काळी येते, आणि मला जे दिसलं होतं ते दोन्हींत नसतं.

साहित्य: कॅम्लिनचे तैलरंग, १६ बाय २० इंचाचा कॅनव्हास, घोडा (कॅनव्हास टेकवायची तिवई) घरीच वेल्डिंग करून केलेला.

टर्पेंटाइनचा वास

घोडेसाहेब, आधी आईंना माझा नमस्कार सांगा. त्या जे बोलल्या ते पॅरिसच्या वर्तमानपत्रात छापून आलंय. रन्वारनं झाडाखाली बसलेल्या मुलीचं चित्र काढलं होतं, उघड्या अंगावर पानांतून गळालेले कवडसे. १८७६ च्या प्रदर्शनात ते लागलं तेव्हा अल्बेर वोल्फ नावाच्या समीक्षकानं 'ल फिगारो'त लिहिलं की बाईचं अंग म्हणजे हिरवे-जांभळे डाग पडलेलं कुजकं मांस नव्हे, हे या रन्वारला कुणीतरी समजावून सांगा. चित्र आज पॅरिसच्या म्यूझे दॉर्से या संग्रहालयात आहे.

खरं, वोल्फ चुकला आणि तुमच्या आई बरोबर आहेत. (आम्हा बेळगाववाल्यांचं 'खरं' म्हणजे 'पण', पुण्याकडच्यांनी गोंधळू नये.) रन्वारचा हिरवा त्या सावलीच्या गडदपणात मुरलेला आहे. तुम्ही ट्यूबमधला हिरवा आणला आणि लावला. रंग कुठलाही चालतो हो, टोन, म्हणजे त्याचा उजळ-गडदपणा, चुकला की मेलं. डोळे किलकिले करा आणि चित्राकडं बघा. हिरवा डाग उडी मारून पुढं येत असला तर तो तिथला नाही.

दुसऱ्या रविवारचं कारण सोपं आहे. तुमचा कॅनव्हास उन्हात होता. पांढऱ्या कॅनव्हासवर ऊन पडलं की बुबुळं आक्रसतात, लावलेला प्रत्येक रंग आहे त्यापेक्षा उजळ भासतो, म्हणून हात आपोआप गडद रंगाकडं जातो. घरात आणलं की पितळ उघडं. कॅनव्हास आणि पॅलेट दोन्ही सावलीत पाहिजेत, आणि दोन्हींवर सारखाच उजेड. घोडा फिरवून कॅनव्हासची पाठ सूर्याकडं करा. तेही जमत नसेल तर छत्री बांधा, पण काळी किंवा करडी. मी एकदा बायकोची लाल फुलाफुलांची छत्री बांधली होती. त्या दिवशीची सगळी माणसं दारू प्यायल्यासारखी लालबुंद झाली.

आणि १६ बाय २० सोडा. ८ बाय १० घ्या. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. पाऊण तासात जेवढं झाकता येईल तेवढाच कॅनव्हास आपला.

डोंगराआडून

वेळेबद्दल थोडं. फ्रान्सचं ऊन आणि आपलं ऊन एक नव्हे. पॅरिसला जूनच्या भर दुपारीसुद्धा सूर्य ६५ अंशांच्या वर चढत नाही. बेळगावात डिसेंबरातल्या दुपारी तो ५१ अंशांवर असतो, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तर बरोब्बर डोक्यावर. तेव्हा त्यांनी दुपारी काढलं म्हणून आपण दुपारी काढायचं नसतं. आपल्याकडं डोक्यावरच्या उन्हात माणसाच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात आणि नाकाची सावली ओठांवर मिशीसारखी पडते. मी राजहंसगडावर मे महिन्यात मित्राचं चित्र काढलं, त्याच्या आईनं विचारलं, हा कोण मिशीवाला?

आता नोव्हेंबर आहे, साडेआठ ते सव्वानऊ धरा. दुसरा डाव चार ते पावणेपाच. एका चित्रात सकाळ-संध्याकाळ मिसळू नका, दोन कॅनव्हास ठेवा.

शहापूरची सून

मी चित्रकार नव्हे, पण एक सांगते. आमच्या सासऱ्यांचा माग होता. धूपछाव कापड कसं विणतात माहीत आहे ना? उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. उभा लाल, आडवा हिरवा घातला तर जवळून दोन्ही धागे सुटे दिसतात, लांबून एक तिसराच रंग झळकतो आणि कापड हललं की तो बदलतो. तेच दोन रंग एका हंड्यात घालून सूत रंगवलं असतं तर काय आलं असतं? मातकट तपकिरी. दादांनी तिसऱ्या रविवारी हंडा केला, माग नाही केला.

टर्पेंटाइनचा वास

वहिनी, चाळीस वर्षं पोरांना जे समजावतोय ते तुम्ही चार ओळींत सांगितलंत. आणि मजा बघा. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना कसे बदलतात यावर १८३९ साली शेवरल नावाच्या ज्या रसायनशास्त्रज्ञानं मोठा ग्रंथ लिहिला तो पॅरिसच्या गोब्लँ विणकामखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता. काळा धागा नीट काळा दिसत नाही अशी तक्रार आली म्हणून तो शोधायला बसला. रंगात खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांनी तो फिका पडत होता. चित्रकारांनी ते पुढं उचललं.

रेषेचा कैवारी

मला थोडं वेगळं बोलायचं आहे, राग मानू नये. हल्ली जो उठतो तो फटकारे मारतो आणि त्याला दृक्प्रत्ययवाद (मोने-रन्वारची ती इम्प्रेशनिस्ट पद्धत) म्हणतो. बेळगावला व्यक्तिचित्राची परंपरा आहे. के. बी. कुलकर्णींसारखा माणूस इथं राहून पोरांना शिकवून गेला. इथल्या जुन्या लोकांनी आधी कवटी शिकवली, मग चेहरा. घाट पलीकडं सावंतवाडीत जन्मलेल्या हळदणकरांचं समईवाल्या बाईचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. लोक ते हटकून रविवर्म्याचं समजतात. जलरंगात आहे ते! बोटांतून गाळून येणारा उजेड बघा. स्वतःच्या मुलीला समोर उभं करून काढलंय. त्यात रेषा हरवली आहे का?

मोनेनं १८८६ साली छत्रीवाली बाई परत दोनदा काढली. सुझान ओशदे नावाची मुलगी उभी होती म्हणतात, पण चेहरे इतके पुसट की कुणीही असती तरी चाललं असतं. ते व्यक्तिचित्र कसं? घोडेसाहेबांना आई काढायची आहे, ढग नव्हे.

बांधावरचा घोडा

कैवारीकाका, हा प्रश्न मलाही छळतोय. मी दिवसभर मायक्रोमीटर घेऊन काम करणारा माणूस. शतांश मिलिमीटर इकडं-तिकडं झालं की माल परत येतो. त्यामुळं आईचं नाकही मी मोजूनच काढतो. आणि मोजून काढलेलं नाक उन्हात बसत नाही.

टर्पेंटाइनचा वास

काका, हळदणकरांपुढं मीही हात जोडतो. पण त्या चित्रात उजेड किती? एक. समईचा. घोडेसाहेबांच्या शेतात तीन आहेत. सूर्य वरून, आकाश सगळीकडून आणि जमीन खालून. सूर्याचा उबदार, आकाशाचा निळसर गार, जमिनीचा जशी माती तसा. खोलीतला माणूस बाहेर येऊन फसतो तो यामुळं. त्याला उजेड आणि अंधार शिकवलेला असतो, आणि उन्हात अंधार असा नसतोच. सावली म्हणजे सूर्य सोडून उरलेल्या दोघांचा उजेड.

कवटी आलीच पाहिजे, त्यात वाद नाही. रन्वारला ती येत होती म्हणूनच त्याला ती लपवता आली. आणि १८८६ च्या चित्रांबद्दल काकांशी मी सहमत आहे, मोनेला तिथं हवा काढायची होती, माणूस नव्हे. १८७५ च्यात तसं नाही. चेहऱ्यावरून वाऱ्यानं उडालेली जाळी आहे, तरी ती बाई वळून आपल्याकडं बघतेय हे कळतं. त्या चित्रात बाहीच्या खालच्या बाजूला बघा, खालच्या पिवळ्या फुलांचा पिवळा रंग चढलाय. जमीन खालून अशी बोलते.

घोडेसाहेब, तुम्हाला एक व्यायाम देतो. अमेरिकेत चार्ल्स हॉथॉर्न नावाच्या चित्रकारानं १८९९ साली प्रॉव्हिन्सटाउन या समुद्रकाठच्या गावी शाळा काढली. तो मॉडेलला किनाऱ्यावर उजेडाकडं पाठ करून बसवायचा, डोक्यावर मोठी टोपी. चेहरा सगळा सावलीत, मागं चकाकतं पाणी. आणि विद्यार्थ्यांच्या हातात ब्रश नाही, लांबी भरायची पत्ती! त्या पत्तीनं डोळा काढताच येत नाही, पापणी तर दूरच. नुसते रंगाचे तुकडे शेजारी शेजारी बसवायचे. पोरांचे चेहरे मातीच्या गोळ्यासारखे दिसायचे म्हणून त्या चित्रांना नावच पडलं 'मडहेड'. चिखलाचं डोकं. तुम्ही शीर्षकात विचारलंय चेहरा चिखलासारखा का होतोय. तर आधी मुद्दाम तसा करा, पण स्वच्छ रंगांच्या चिखलाचा.

रंगारी भिंतीला लप्पम ओढतात ती पत्ती आणा. पाच-सहा तुकडे फक्त. कपाळाचं ऊन, गालाचं ऊन, चेहऱ्याची सावली, हनुवटीखालचं, पदर, पाठीमागचं. प्रत्येक तुकडा शेजारच्याशी ताडून बघायचा, हा त्याच्यापेक्षा उजळ की गडद, गार की उबदार. एवढंच. एका बैठकीत दोन करा, घरी आणा, भिंतीला लावा. ऊन दिसलं का ते आईंना विचारा, मला नको.

खानापूरची वाट

मी शाळेत चित्रकला शिकवते. रंगाबद्दल सांगू का? माझ्या वर्गातली पोरं खडूच्या डब्यातून 'स्किन कलर' मागतात. तो खडू गुलाबी असतो. समोर बसलेली चाळीस पोरं सावळी, एकाचाही रंग त्या खडूसारखा नाही, तरी सगळे मन लावून तोच घासतात. मोठे चित्रकारही तेच करतात. रन्वारच्या पोरींची गुलाबी कातडी बघून आपल्या आईला गुलाबी करायला जातात.

सावळी कातडी उन्हात वेगळी वागते. तेलकट तकाकी जास्त दिसते, आणि त्या तकाकीत आकाश दिसतं. म्हणजे कपाळावरचा सगळ्यात उजळ ठिपका पिवळट नसून निळसर पांढरा असतो. त्याच्या शेजारचं ऊन मात्र ऑकर, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि जरा पांढरा. पांढरा जपून! पांढऱ्यानं रंग उजळतो तसा थंडही पडतो, खडूसारखा होतो. मी त्यात कॅडमियम ऑरेंजची सूतभर भर घालते. सावलीला अल्ट्रामरीन निळा आणि अलिझरीन लाल, त्यात सिएना. काळा मी डब्यातच ठेवत नाही, असला की हात जातो.

दुसरं, तुमच्याकडची लाल माती. खानापूरकडं तर कौलाच्या रंगाची आहे. भर उन्हात खाली बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली, नाकपुड्यांखाली, डोळ्यांवरच्या हाडाखाली सगळीकडं केशरी उजेड चढतो. शिवाय आईंचं इरकल हिरवं आहे म्हणता, तर गळ्याशी थोडा हिरवाही असणार. तुम्ही हिरवा बरोबर बघितलात, जागा चुकलात. तो गळ्याजवळ राहतो, हनुवटीखाली माती जिंकते.

अथणीचं ढेकूळ

आमच्याकडं काळी माती ओ. इथं हनुवटीखाली काही केशरी-बिशरी येत नाही. काळी जमीन ऊन गिळून बसते, परत काही देत नाही. ऊस तुटलेल्या रानात बाबांना बसवून काढलं तर खालून उजेडच नाही, सावली चांगलीच गडद आणि निळी. मी तुमचा सल्ला वाचून केशरी घातला असता तर बाबा शेकोटीपाशी बसल्यासारखे दिसले असते. पाला पसरला होता तिथं मात्र पिवळट उजेड आला. तर मंडळी, आधी खाली बघा, मग चेहरा बघा.

खानापूरची वाट

हे फार उपयोगी सांगितलंत. मी एकाच मातीवर शिकले, म्हणून तो नियम समजत होते. आणखी एक, ढगाळ दिवशी सगळं उलटं होतं. आषाढात उजेड गार आणि सावल्या त्यामानानं उबदार. पण आषाढात आपल्याकडं बाहेर बसतं कोण.

सीमेवरचा सुरेल

कडांबद्दल कुणीच बोललं नाही. चेहऱ्याची बाह्यरेषा सगळीकडं सारखी धारदार ठेवलीत तर माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. उन्हाची कड कुठं धारदार, सावलीतला पदर मागच्या झाडीत कुठं विरघळलेला, असं पाहिजे. थोडक्यात सीमारेषा पुसा.

रेषेचा कैवारी

सीमाभागातल्या माणसाला सीमारेषा पुसायला सांगताय! १९५६ पासून आम्ही त्याच रेषेवर भांडतोय.

मध्यस्थ

काका, हसलो. पण तो विषय इथं नको, त्याला वेगळा धागा आहे आणि तो दोनदा कुलूपबंद झालाय.

बांधावरचा घोडा

दोन रविवारचा अहवाल.

पत्ती आणली. कॅनव्हास वाया जायला नको म्हणून पुठ्ठ्याला दोन हात जेसो (रंगाखालचा पांढरा अस्तर-लेप) मारून त्याचे आठ तुकडे केले. आईला उन्हाकडं पाठ करून बसवलं. ती म्हणाली, "तोंड दिसत नाही, मग काढतोस काय?" म्हटलं, तेच शिकालोय.

रंगाचा पहिला तुकडा बसवायलाच दहा मिनिटं गेली. चेहऱ्याची सावली मला तपकिरी दिसत होती. मग टर्पेंटाइनकाकांचं ऐकून शेजारचा पदर आणि ती सावली एकदम बघितली, एकाच नजरेत. आणि खोटं सांगत नाही, अंगावर काटा आला. सावली जांभळट होती. होतीच. आईचा चेहरा मी ३८ वर्षं बघतोय आणि तो उन्हात पाठमोरा बसला की जांभळट असतो हे मला माहीत नव्हतं. हनुवटीखाली मात्र विटेसारखा केशरी. गळ्याशी, इरकलाच्या काठापासून बोटभर, हिरवट.

दुसऱ्या रविवारी चांगलं चाललं होतं, तोवर आमची कालवड दावं तोडून आली. घोड्याचा एक पाय उडवला आणि पुठ्ठा तोंडावर पडला, थेट उकरलेल्या सरीत. उचलला तर अर्ध्या गालाला माती. ओला तैलरंग, पुसायला गेलं की सगळंच जाणार. तसाच वाळायला ठेवलाय. आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

टर्पेंटाइनचा वास

माती राहू द्या! मोनेनं १८७० साली त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर बायकोचं एक छोटं चित्र काढलं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच्या रंगात वाळूचे कण अडकलेत. बाहेर बसून काढल्याचा त्यापेक्षा मोठा दाखला नाही. तुमच्याकडं आता बेळगाव तालुक्याचा शिक्का आहे.

पुढच्या वेळी घोड्याच्या मधोमध दोरीनं दगड टांगा. वाऱ्यालाही तोच उपाय. कालवडीला उपाय मला माहीत नाही.

शहापूरची सून

काका, वाळायला किती दिवस लागतील? माझीही हौस जागी झालीय. घरात लहान मूल आहे म्हणून विचारते.

टर्पेंटाइनचा वास

पातळ थर असेल तर चार-पाच दिवसांत हाताला लागत नाही, पांढरा जाड लावला असेल तर दोन आठवडेही लागतात. अलिझरीन फार रेंगाळतं. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून कपाटात कोंडू नका, हवेशीर ठेवा. खालचा थर टर्पेंटाइननं पातळ, वरचे तेलानं जाड, उलटं केलंत तर पुढं भेगा. व्हार्निश सहा महिने तरी नको.

आणि मूल आहे म्हणून आवर्जून सांगतो. तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. घट्ट होताना ते तेल तापतं, ढीग असला तर आपोआप पेट घेतो. चिंध्या पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा. ब्रश धुवायला अंगाचा साबण पुरतो.

रेषेचा कैवारी

घोडेसाहेब, तुमचा पुठ्ठ्यावरचा फोटो बघितला. नाक नाही, डोळे नाहीत. तरी मान ज्या कोनात कललीय त्यावरून बाई वयस्कर आहे आणि ढिगाकडं बघतेय हे कळतंय. मी माझं म्हणणं मागं घेत नाही. पण मान चांगली आहे.

डोंगराआडून

काकांकडून एवढं आलं म्हणजे सुवर्णपदकच समजा.

वेळेचा एक किस्सा राहिला होता. सार्जंट नावाच्या अमेरिकन चित्रकारानं इंग्लंडमध्ये दोन मुली कंदील पेटवताना काढल्या, 'कार्नेशन, लिली, लिली, रोझ'. त्याला पाहिजे होता तो संधिप्रकाश रोज काही मिनिटंच टिकायचा. मग काय, १८८५ च्या शरदात रोज संध्याकाळी सगळी तयारी करून थांबायचं, तेवढी मिनिटं काढायचं, आवरायचं. बागेतली फुलं गळाली तेव्हा खोटी फुलं लावली. थंडीनं थांबलं आणि १८८६ ला पूर्ण झालं. तुमची रताळी निघून गेली तर पुढच्या वर्षी परत येतील, हा आपला फायदा.

बांधावरचा घोडा

रताळी खरंच निघाली. काल शेवटचा गाडा गेला. आईला आता शेतात बसायला निमित्त उरलं नाही, म्हणून सकाळी घाईनं एक काढलं.

८ बाय १०. पावणेनऊला सुरू, साडेनऊला बंद, घड्याळ लावून. पाठीमागं काळी छत्री, घोड्याला दगड, कालवड गोठ्यात. आधी पत्तीनं सहा तुकडे, मग ब्रश. डोळ्यांना वीस मिनिटं शिल्लक होती, त्यातली दहा मी नुसती बघण्यात घालवली. डोळे काढले नाहीत, डोळ्यांच्या जागी पदराची सावली काढली आणि त्यात डाव्या डोळ्याच्या खाली एक केशरी रेघ, मातीची. कपाळावर निळसर ठिपका एकच. तो काढून हात मागं घेतला. अजून एक घालावासा वाटत होता, घड्याळ वाजलं, बरं झालं.

घरी नेऊन माडीच्या जिन्याशी टेकवलं. काळं पडलं नाही.

आईनं लांबून बघितलं, जवळ आली, मग परत लांब गेली. म्हणाली, "नाक थोडं मोठं झालंय." बास, एवढंच. हिरव्या-निळ्याचं काही नाही. दुपारी नंदगडहून आत्याचा व्हिडिओ कॉल आला होता, फोन फिरवताना मागं जिन्यावरचं चित्र दिसलं. आत्या लगेच ओरडली, "अगं वहिनी, त्या पोराला सांग की, असल्या उन्हात कशाला बसवलंय तुला? छत्री तरी धर म्हणावं."

खानापूरची वाट

फोटो टाका हो लवकर! आणि कपाळाच्या उन्हात पिवळा कुठला वापरलात? कॅडमियम का?

बांधावरचा घोडा

नाही, ऑकर आणि पांढरा. कॅडमियमची ट्यूब गेल्या रविवारी कालवडीच्या पायाखाली फुटली. नवीन आणायची आहे. फोटो उद्या सकाळी टाकतो, आता बल्बखाली काढला तर सगळंच पिवळं येईल.